बुरुलकानच्या हातचा बोझो

झेनालीने वरीच्या आंबवलेल्या पेयाने, बोझोने, चारही पिंपं काठोकाठ भरली. मुलाने, मेलिसने, मॉस्कोहून फोन करून बजावलं होतं की वर वितीभर जागा सोडा, बोझो जिवंत असतो, बंद भांड्यात तो फुगतो. झेनाली हो हो म्हणाला आणि भरताना हात काही त्याला आवरता आला नाही. मयताच्या नावाने घरातून निघणारं भांडं उणं असलेलं त्यांच्या गावात चालत नाही. लोक लगेच म्हणतात, माणूस गेलं आणि घरही आटलं.

पिंपं मेलिसचीच होती. बिश्केकमधल्या ज्या बिअरच्या दुकानात तो कामाला होता ते बंद पडलं तेव्हा स्टीलची ही चार पिंपं, गॅसची लहान टाकी, नळी आणि तोटी त्याने घरी आणून टाकली आणि मग तो रशियाला गेला. झेनालीची बायको बुरुलकान होती तोवर त्यांना कुणी हात लावला नाही. ती बोझो करायची लाकडी टिपात. वरीची पेज शिजवायची, मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं पीठ त्यात घालायचं, निळ्या बरणीतलं विरजण लावायचं, आणि आंबला की कापडी पिशवीतून गाळायचा. पण टीप घेऊन ओतमोकचा घाट चढता येत नाही. निम्मा बोझो रस्त्यावर सांडतो.

आणि हा बोझो घाटापलीकडे न्यायलाच हवा होता.

घाटापलीकडे सुसामीरच्या वरच्या अंगाला बुरुलकानच्या माहेरची जायलू, म्हणजे उन्हाळी कुरण. उन्हाळ्यात तिचा थोरला भाऊ कादिरकुल तिथे घोड्या घेऊन राहतो. बहीणभाऊ कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांचा बाप हिवाळ्यात गेला तेव्हा घाट बर्फाने बंद होता. बुरुलकान ट्रकमध्ये बसून निघाली, ट्रक बर्फात अडकून मागे फिरला. कादिरकुलने बापाला एक दिवस तसंच ठेवलं, मग पुरलं. वसंतात बुरुलकान पोचली तेव्हा तो म्हणाला की यायचंच असतं तर माणूस चालत येतं. त्यानंतर तो तिच्या हातचं पाणी प्यायला नाही. ती गेली तेव्हा घाट मोकळा होता, तरी तो आला नाही. बायकोला, उमसुनायला, तेवढं पाठवलं.

माणूस गेलं की ओळखीपाळखीच्या प्रत्येकाने तोंडाने म्हणावं लागतं की मी राजी आहे, माझं तुझ्याकडे काही राहिलं नाही. एकाने जरी म्हटलं नाही तरी मेलेल्याचा पाय तिकडे अडकून राहतो. सगळ्यांनी म्हटलं होतं. एकट्या कादिरकुलने नाही. चाळिसाव्याला उमसुनाय पुन्हा आली तेव्हा त्याचा निरोप घेऊन आली. निरोप सांगताना तिची मान खाली होती. कादिरकुल म्हणाला होता, तिच्या हातचं प्यायला मिळेल तेव्हा मी राजी होईन.

ऐकणाऱ्यांना तो टोमणा वाटला आणि होताही टोमणाच. मेलेल्या बाईच्या हातचं कुठून मिळणार? पण झेनाली ते ऐकून हसला. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. कारण चुलीजवळच्या कोपऱ्यात मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली निळी बरणी होती आणि त्या बरणीत बुरुलकानचं विरजण होतं. तिच्या आईकडून आलेलं, दर आठवड्याला वरीचं पीठ घालून तिने जिवंत ठेवलेलं. त्याच्यापासून केलेला बोझो म्हणजे तिच्या हातचाच की. झेनालीने कुणालाच काही सांगितलं नाही. वर्षभर तो त्या बरणीला पीठ घालत राहिला, अधूनमधून त्यातल्या विरजणाचा थोडा बोझो करून पीत राहिला. लहान मूल असावं तसं थंडीत तिला जास्तीचं पांघरूण. आणि वर्षाचं जेवण, म्हणजे आश, त्याने माहेरच्या जायलूवर ठरवलं.

सुनेने, आयजारकिनने, त्याच्या बरोबरीने वरी शिजवली, गाळली, तोटीत कोंडा अडकू नये म्हणून पुन्हा गाळली. पहिला घोट झेनालीने घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "बुरुलकानचाच हात." आयजारकिन काही बोलली नाही. सासऱ्यासमोर ती एरवीही फारसं बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासून त्याला पाठ दाखवून ती कधी दाराबाहेर पडली नव्हती, आणि त्याच्यासमोर कधी बसलीही नव्हती.

शार्शेनचा छोटा ट्रक होता. शार्शेन शेजारचा, तोंडाने फटकळ, आणि बोझोचा भक्त. पिंपं आडवी ठेवली तर गडगडतील म्हणून त्याने ती उभी करून दोरीने बांधली आणि मध्ये गाद्या कोंबल्या. आयजारकिन आत बसली, मांडीवर बोर्सोकचं, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचं, गाठोडं. निघाले.

तालास मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग चढ लागला, ऊन वाढलं, रस्ता खडबडीत झाला. शार्शेन सांगत होता की त्याच्या मेव्हण्याने एकदा किमिझची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली घट्ट बूच लावून घाटावर नेली आणि मेव्हण्याला अजून एका कानाने ऐकू येत नाही. झेनाली म्हणाला, तुझ्या मेव्हण्याला आधीही ऐकू येत नव्हतं. घाटाच्या माथ्यावर इंजिन थंड करायला थांबले तेव्हा मागून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

झेनाली मागे चढला. एका पिंपाच्या झडपेतून फेसाची धार निघत होती. मेलिसने सांगितलेलं त्याला आठवलं. वर चढल्यावर बाहेरची हवा विरळ होते, आतला वायू जोर करतो, झडपेची कडी हळूच ओढून थोडा थोडा सोडायचा. त्याने कडी ओढली. पण हळूच ओढली नाही. पिंप काठोकाठ भरलेलं, वायूला जागाच नव्हती, त्यामुळे वायूऐवजी बोझोच उसळला. पांढरा खांब आकाशात गेला आणि खाली आला तो शार्शेनच्या डोक्यावर.

शार्शेन जागचा हलला नाही. टोपीवरून, मिशीवरून फेस ओघळत होता. त्याने जिभेने मिशी चाटली.

"चांगला झालाय, झेनाली आका," तो म्हणाला. "पण वाडग्यातून द्यायची पद्धत आहे."

झेनाली मात्र हसला नाही.  अर्ध्या बादलीएवढं तरी रस्त्यावर गेलं होतं आणि दगडांमधून वाहत होतं. तिच्या विरजणाचं. त्याने ट्रकमधल्या बादलीने जेवढं सापडलं तेवढं भरून घेतलं, मातीसकट, आणि शार्शेनने नको म्हटलं तरी ओतून दिलं नाही. बाकीच्या पिंपांच्या कड्या त्याने मग एवढ्या हळू ओढल्या की तासभर माथ्यावरच गेला. प्रत्येक पिंपातून थोडा बोझो निघाला, मग फेस, मग नुसता वारा. आयजारकिन खाली उतरून लांब उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. झेनालीला वाटलं, घाट लागला असेल पोरीला.

संध्याकाळच्या आत ते जायलूवर पोचले. लोकरीच्या नमद्याचे तंबू, चुलींचा धूर, दोरीला बांधलेली शिंगरं. कादिरकुल सामोरा आला. मोठ्या हाडाचा माणूस, आता वाकलेला. त्याने झेनालीचे दोन्ही हात हातात घेतले, प्रवास कसा झाला विचारलं, रीतीप्रमाणे सगळं केलं, पण डोळ्यांत पाहिलं नाही. ट्रकवरची स्टीलची पिंपं पाहून त्याने काय आहे विचारलं. झेनाली म्हणाला, उद्या सांगतो. पिंपं ओढ्याच्या थंड पाण्यात उभी करून त्यांच्याभोवती दगड लावले.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. आजूबाजूच्या दऱ्यांतून घोड्यांवरून आली. मोल्दोने कुराण वाचलं, सगळ्यांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या. मटण झालं, रस्सा झाला. मग मोल्दोला ओढ्याकडची तयारी दिसली. बोझो दारूत मोडतो की पेजेत, हा वाद तालासमध्येही मिटलेला नाही. मोल्दो समजूतदार होता. त्याला अचानक आपल्या घोड्याचा नाल सैल झाल्याचं आठवलं आणि तो टेकाडापलीकडे गेला.

झेनालीने गॅसची टाकी जोडली, तोटी लावली, वाडगा धरला आणि तोटी उघडली. वाडग्यात फेस आला. नुसता फेस. दुसरा वाडगा, तोही फेसच. म्हातारे गोल करून बसले होते. एकाने गाल खाजवत विचारलं की तालासकर दाढी करायला साबण घेऊन आलेत काय. दुसरा म्हणाला, आमच्या घोड्यांना असं तोंडाला फेस आला की आम्ही खोगीर उतरवतो. सगळे हसले. झेनालीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कादिरकुल हसत नव्हता. तो वाट पाहत होता.

झेनालीने टाकी बंद केली. खाली गावात जेवढा दाब लागतो तेवढा इथे नको, हे त्याला आता उमगलं. त्याने पिंपातला वायू सोडला, लांब नळी काढून तोटीला जोडली, ती गुंडाळून पाण्यात बुडवली आणि तो नुसता उभा राहिला. म्हाताऱ्यांच्या जिभा चालू होत्या. बऱ्याच वेळाने त्याने टाकीची चावी किंचित फिरवली आणि तोटी पूर्ण उघडली. बोझो आला. दाट, पिवळसर, वर बोटभर साय.

वाडगा दोन्ही हातांनी धरून तो कादिरकुलपुढे गेला. 

"कादिरकुल, हा तिच्या हातचा आहे," झेनाली म्हणाला. "तिच्या विरजणाचा. वर्षभर मी ते जगवलं. तू म्हणाला होतास, म्हणून आणलाय."

कादिरकुलने त्याच्याकडे पाहिलं. टोमणा मारताना त्याच्या स्वप्नातही हे नव्हतं.  मग त्याने वाडगा घेतला, एक घोट घेतला, थांबला, आणि उरलेला एका दमात प्यायला. वाडगा खाली करताना त्याच्या दाढीत साय लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कादिरकुल रडताना तिथल्या कुणीच पाहिला नव्हता, बापाच्या मातीलाही नाही.

"तीच," तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तीच आहे. मी राजी आहे. माझ्या बहिणीकडे माझं काही राहिलं नाही."

 झेनाली ओढ्याकडे परत आला आणि दगडावर टेकला. लोक वाडगे पुढे करत होते, शार्शेन तोटी चालवत होता, तालासच्या बोझोपुढे किमिझ म्हणजे लहान पोरांचं पेय अशी बडबड करून सुसामीरकरांना डिवचत होता. झेनालीच्या मनात एकच होतं. सुटली. बुरुलकान सुटली.

उमसुनाय घासायची पातेली घेऊन ओढ्यावर आली. वाडगा दिला गेला तेव्हा ती कढयांपाशी होती. कादिरकुल रडल्याचं तिला कुणीतरी नुकतंच सांगितलं होतं आणि तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. पातेल्यात वाळू घालून घासता घासता ती म्हणाली की बरं झालं भावजी, माझ्या डोक्यावरचा धोंडा उतरला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "विरजण कुणाकडून मागून आणलंत? शेजाऱ्यांकडून?"

झेनाली म्हणाला की मागून कशाला, तिचंच होतं, निळ्या बरणीतलं.

उमसुनायचा हात थांबला.

"निळी बरणी मी ओतली ना," ती म्हणाली.

झेनालीला कळलंच नाही. ती पुढे सांगत राहिली, अगदी साध्या आवाजात, कारण तिच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. घरात माणूस गेलं की जीव न्यायला येणारा फरिश्ता अझरेईल आपली सुरी घरातल्या उघड्या पाण्यात धुतो. म्हणून बादली, किटली, दुधाचं भांडं, जे जे ओलं उघडं असेल ते सगळं ओतून टाकायचं. इथल्या बाया करतात, तिथल्याही करतात. झेनाली तेव्हा बाहेर पुरुषांमध्ये काठीला टेकून आक्रोश करत होता. तिने आत सगळं ओतलं. बरणीवर नुसतं फडकं होतं, झाकण नव्हतं. ती उचलताना कंबर धरली, इतकी जड. मळ्याच्या कडेला ओतली, घासली, पालथी घातली.

"आयजारकिनला विचारा," ती म्हणाली. "तिनेच दुसऱ्या बाजूने धरली होती."

झेनाली उठला. आयजारकिन तंबूच्या सावलीत उभी होती. तिने दोघांना बोलताना पाहिलं होतं. तो येताना दिसला तशी ती मागे सरली नाही, नेहमीसारखी बाजूलाही झाली नाही. तिथेच उभी राहिली, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून.

"बरणीत काय होतं?" त्याने विचारलं.



"यीस्ट," ती म्हणाली. "बाजारातलं. पावाचं. पुडीतलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं होतं, बरणी कुठे आहे. ती पालथी होती. आयजारकिनला तोंड उघडता आलं नाही. तिने खोटंच सांगितलं की बाहेरून पुसायला काढली आहे, आणि त्याच दुपारी पुडीतलं यीस्ट वरीच्या पिठात कालवून बरणी भरली. मनात म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांनी तो बरणीशेजारी बसून तिचं फडकं नीट करत होता. म्हणून नाही सांगितलं. मग चाळिसावा आला, कादिरकुलमामांचा निरोप आला आणि सासरे हसले. त्यानंतर सांगणं तिच्याच्याने झालं नाही. काल घाटावर ते रस्त्यावरचा बोझो मातीसकट बादलीत भरत होते तेव्हा ती सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं.

ती रडत नव्हती. सगळं सांगून झाल्यावर ती मार खायला उभ्या असलेल्या माणसासारखी उभी राहिली.

झेनालीला तिचा राग आला नाही. राग यायला आत काहीतरी जागेवर असावं लागतं. त्याच्या आत एकच गोष्ट फिरत होती. वर्षभर तो ते पीत होता. दर वेळी घोट घेऊन डोळे मिटून म्हणत होता, बुरुलकानचाच हात. पुडीतलं यीस्ट पिऊन म्हणत होता. जन्मभर जिच्या हातचं प्यायलो तिची चव आपल्या जिभेला ओळखता आली नाही. एकदाही शंका आली नाही.

आणि कादिरकुलचा शब्द? तो त्या वाडग्यावर दिलेला होता. वाडगाच खोटा असेल तर शब्द कुठे टिकणार? बुरुलकान सुटली नव्हती. कुणी सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण जिला सुटायचं होतं तिला तर कळणार होतं.

तो सरळ कादिरकुलकडे गेला. कादिरकुल दुसरा वाडगा घेऊन बसला होता, जपून जपून पीत होता. झेनालीने त्याच्यासमोर बसून सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, फक्त सुनेचं नाव घेतलं नाही. घरात चूक झाली एवढंच म्हणाला.

कादिरकुलने वाडगा खाली ठेवला. त्याचा चेहरा पाहून शेजारचे म्हातारे सरकले. तो उठून उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "मघाशी मी जो शब्द दिला तो मागे घेतोय. हा माझ्या बहिणीच्या हातचा नाही."

वाडगे हवेत राहिले. शार्शेनच्या हातातली तोटी उघडीच होती. बोझो त्याच्या बुटांवर पडत होता आणि त्याचं लक्ष नव्हतं. मेलेल्या माणसाला दिलेला राजीपणा कुणी परत घेतल्याचं तिथल्या कुणीही ऐकलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने पुटपुटत देवाची क्षमा मागितली. झेनालीला आता काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त ओढ्याचं पाणी.

"तिचं विरजण कुणी ओतलं?" कादिरकुलने विचारलं.

  उमसुनाय ओढणीला हात पुसत पुढे आली.

"मी ओतलं," ती म्हणाली. "कारण निघताना तुम्ही मला सांगितलं होतं. म्हणाला होतात, त्या तालासकरांना रीतभात नाही. जाऊन सगळं नीट कर, घरात एक थेंब ओला ठेवू नकोस. स्वतः आला असतात तर स्वतः ओतलं असतं."

कादिरकुल तिच्याकडे पाहत राहिला.  मग तो जिथे उभा होता तिथेच, गवतावर, झेनालीच्या शेजारी बसला. दोघं जण एकमेकांकडे न बघता बसून राहिले. मधे तो अर्धा प्यायलेला वाडगा होता.

"पहिल्या घोटाला मला तीच वाटली, दाजी," कादिरकुल म्हणाला. त्याने तिच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षंच झेनालीला दाजी म्हटलं होतं. "शपथेवर सांगतो. आईच्या तंबूत बसलोय असं वाटलं."

"मलाही तीच वाटली," झेनाली म्हणाला. "वर्षभर."

"मग तिची खरी चव कशी होती?"

झेनाली सांगायला गेला. त्याला वाटलं, हे तर आपल्याला झोपेतही सांगता येईल. त्याने तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली, पुन्हा आठवून पाहिलं. काही आलं नाही. जे आलं ते हेच होतं, समोरच्या वाडग्यातलं. त्याखाली दुसरं काही सापडेना. घाबरून त्याने उमसुनायकडे पाहिलं.

"आंबट असायची," उमसुनाय म्हणाली. ती अजून रागातच होती. "आणि दर वेळी वेगळी. कधी चांगली, कधी तर तोंडात धरवत नसे. तिच्या लग्नाआधीपासून मी प्यायलेय. तुम्हा दोघांना काय आठवतंय कुणास ठाऊक."

कादिरकुलच्या घशातून एक आवाज निघाला. हसणं होतं की काय होतं ते झेनालीला समजलं नाही. कादिरकुलने गवतातलं एक पातं तोडलं, ते बोटांत फिरवत राहिला.  शेवटी तो हाताचा आधार घेऊन उठला. या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं.

"बुरुलकानवर मी राजी आहे," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "न पिता. घाट बंद होता हे मला तेव्हाही माहीत होतं."

एवढं बोलून तो घोड्यांकडे निघून गेला. कुणी त्याच्यामागे गेलं नाही. शार्शेनने तोटी बंद केली. म्हाताऱ्यांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या, मग एकाने वाडगा पुढे केला, मग दुसऱ्याने. भरलेली पिंपं परत घाट चढून न्यायची नव्हती, ती इथेच संपवायची होती.

झेनाली उठला नाही. जे मागायला आला होता ते मिळालं होतं, हे त्याला समजत होतं, पण ते आत कुठे जाऊन बसत नव्हतं. तिच्या हातचं घरात काहीही उरलेलं नाही, एका वर्षापूर्वीपासूनच नाही, आणि हे त्याला आज कळत होतं. ती आजच गेल्यासारखं त्याला वाटत होतं.

आयजारकिनने त्याच्यासमोर चहा आणून ठेवला आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरू लागली, घरी सरायची तशी.

"बस इथे," झेनाली म्हणाला.

ती थबकली. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने शेजारच्या गवतावर हात आपटला, तेव्हा ती बसली, गुडघे जवळ घेऊन, मान खाली घालून.

"पहिल्या दिवसापासून सांग," तो म्हणाला. "मी बाहेर होतो. आत काय काय झालं, तिला कुणी धुतलं, तू कधी बरणी भरलीस, मी काय बोललो, सगळं सांग. मला त्यातलं काहीच नीट माहीत नाही."

आयजारकिनने चहाचा पेला त्याच्याकडे सरकवला आणि सांगायला सुरुवात केली.